सिगारेटचा मान कसा उतरवावा : सीमाभागातल्या गल्ल्या, मंडळे आणि पंच कमिट्यांसाठी

हे लिखाण सिगारेट सोडू पाहणाऱ्या एकट्या माणसासाठी नाही. त्याच्यापुरते थोडे पुढे येईल. हे आहे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातली मंडळे, देवस्थानचे पंच, मंगल कार्यालय चालवणारे आणि एसडीएमसीवर (शाळा विकास व देखरेख समितीवर) बसलेले पालक यांच्यासाठी. एका माणसाची सवय मोडणे आणि गल्लीची नजर बदलणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसरे काम आधी झाले की पहिले पुष्कळ हलके होते, उलटे सहसा होत नाही.

बहुतेक मंडळे सुरुवात चुकीच्या टोकाने करतात. ३१ मेला, जागतिक तंबाखूविरोधी दिनी, डॉक्टरांना बोलावतात, काळ्या फुप्फुसाचे चित्र लावतात, टाळ्या होतात आणि कार्यक्रम संपल्यावर मंडपाच्या मागे दोघेतिघे पेटवतात. त्यांना माहिती नव्हती असे नाही. पाकिटाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने भरलेला असतो आणि तो रोज त्यांच्या हातात असतो.

मत कोणत्या क्रमाने बदलले

जगात सिगारेटविषयीचे मत बदलायला अर्धे शतक लागले. त्यातला कोणता भाग संथ होता आणि कोणता वेगवान, हे पाहिले की आपल्या कामाचा क्रम ठरतो.

१९५० साली ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचा सिगारेटशी संबंध दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत विंडर आणि ग्रॅहम यांनीही तेच मांडले. १९६२ मध्ये ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचा अहवाल आला, आणि ११ जानेवारी १९६४ रोजी अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांचा. तो मुद्दाम शनिवारी जाहीर केला, शेअर बाजार कोसळू नये म्हणून. इतके होऊनही १९६५ मध्ये अमेरिकेतले सुमारे ४२ टक्के प्रौढ सिगारेट ओढत होते. दवाखान्यात, विमानात, वर्गाबाहेर, कुठेही. कंपन्यांनी आधीच फिल्टर पुढे आणला होता, नंतर 'लाइट' आणि 'माइल्ड' आले. फिल्टरच्या छिद्रांवर बोटे पडतात, झुरका खोल जातो आणि विष तेवढेच शरीरात जाते, हे लोकांना फार उशिरा कळले. तोवर 'मी हलकी ओढतो' हे समाधान पक्के झाले होते.

वळण आले ते १९८१ मध्ये. जपानच्या ताकेशी हिरायामा यांनी दाखवले की नवरा सिगारेट ओढत असेल तर न ओढणाऱ्या बायकोलाही फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तिथून सगळा वाद फिरला. तोपर्यंत 'त्याचे फुप्फुस, त्याचा पैसा, त्याची मर्जी' असे म्हणता येत होते. त्यानंतर शेजारी बसलेल्याला बोलायचा हक्क मिळाला. १९९० मध्ये अमेरिकेच्या देशांतर्गत विमानांतून जवळपास सगळीकडे सिगारेट गेली. २९ मार्च २००४ रोजी आयर्लंडने पब आणि सगळ्या कामाच्या जागांत बंदी घातली. आयर्लंडच्या पबमध्ये हे टिकणार नाही असे म्हणणारे पुष्कळ होते. टिकले, आणि इतर देशांनी ते उचलले.

आपल्याकडेही वाट हीच, फक्त मागाहून. १९७५ च्या कायद्याने पाकिटावर बारीक अक्षरात इशारा आला, तो कुणी वाचला नाही. १९९६ चा क्रिकेटचा विश्वचषक 'विल्स'च्या नावाने झाला आणि तेव्हाच्या पोरांना त्यात काही वावगे वाटले नाही. २००१ मध्ये मुरली देवरा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाई करण्याचा आदेश दिला, २००३ मध्ये कायदा झाला, २ ऑक्टोबर २००८ पासून सुधारित नियम लागू झाले. ३१ मे २००९ पासून पाकिटावर चित्र आले. देशाच्या प्रौढ तंबाखू पाहणीत धूम्रपान करणारे २००९-१० मध्ये १४ टक्के होते, ते २०१६-१७ मध्ये १०.७ टक्के झाले.

यातून आपल्यासाठी निघणारे सूत्र एकच. 'तू मरशील' म्हटल्याने मत हलत नाही. 'ही हवा सगळ्यांची आहे' म्हटल्याने हलते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच सूत्रावर आहेत. फुप्फुसाचे चित्र हवेच असेल तर लावा, पण काम त्याच्यावर सोडू नका.

एक गोष्ट आपल्याकडे आयतीच आहे. बाप, चुलता, वस्ताद किंवा माळकरी आजोबा समोर आले की सिगारेट आपोआप मुठीत जाते किंवा पायाखाली विझते. थोरांपुढे ओढू नये ही रीत कुणी शिकवायला गेले नव्हते. आपल्याला नवी रीत घालायची नाही, जुनीच धाकट्यांपर्यंत वाढवायची आहे : थोरांपुढे नाही तशी लेकरांपुढेही नाही. सभेत एवढे एक वाक्य बोला. तासभराच्या व्याख्यानापेक्षा ते जास्त लोकांना पटते.

पहिली पायरी : मोजणी

आज काय आहे हे न मोजता सुरुवात केली तर सहा महिन्यांनी 'कमी झाले' आणि 'कुठे कमी झाले' यावर नुसता वाद होतो. मोजणी दोन प्रकारे करा.

थोटके. समुदाय भवन, देवळाचे आवार, तालमीपुढचा कट्टा अशा तीन जागा ठरवा. प्रत्येक ठिकाणी दहा पावले लांब, दहा पावले रुंद चौकोन खुणेने पक्का करा. संध्याकाळी झाडून साफ करा आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी थोटके मोजा. सात दिवस सलग, त्यात आठवडी बाजाराचा दिवस आलाच पाहिजे. सिगारेट आणि विडी वेगळी लिहा. फिल्टर हा प्लास्टिकच्या जातीचा असतो, सेल्युलोज ॲसिटेटचा, तो महिनोन्महिने पडून राहतो. विडीचे पान कुजते, तुडवले जाते. आधी साफ न करता मोजलेत तर सिगारेटचा आकडा खोटा फुगतो. दुसरी चूक पावसाची. मृगापासून पुढे खानापूरच्या बाजूला सगळे वाहून जाते आणि ओढणारे आडोशाला सरकतात. उन्हाळ्यातला आकडा आषाढातल्या आकड्याशी जुळवू नका, पुढच्या उन्हाळ्याशी जुळवा.

प्रश्न. तीस घरे घ्या, गल्लीच्या दोन्ही टोकांची आणि मधली. 'तुम्ही ओढता का?' हे विचारू नका. पुरुष हसून टाळतात, घरातल्या बायका गप्प बसतात, आणि पाहणी करणारा पोरगा ओळखीचा असला तर उत्तर हमखास खोटे. त्याऐवजी हे तीन विचारा :

१. पाहुण्याने तुमच्या सोप्यात सिगारेट पेटवली तर घरात कोण काही बोलते?
२. लग्नाच्या हॉलमध्ये शेजारच्याने पेटवली तर तुम्ही उठता, सांगता की सोसता?
३. घरातल्या पोराला सिगारेट आणायला दुकानात पाठवतात का?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर शक्यतो घरातल्या बाईकडून घ्या. पहिल्या प्रश्नाला 'कोणीच नाही' असे उत्तर किती घरांत आले, तो तुमचा खरा आकडा. वर्षानंतर तो कमी झाला तर मत बदलले. थोटकांचा आकडा नुसता जागा बदलल्यानेही कमी होऊ शकतो.

दुसरी पायरी : जागा निवडणे

पानपट्टीपासून सुरुवात करू नका. तिथे दुकानदाराचे पोट आहे, गिऱ्हाइकाची बैठक आहे आणि तुमच्याकडे अधिकार काहीच नाही. पहिली जागा अशी घ्या जिला छप्पर आहे, जिची किल्ली तुमच्याकडे आहे आणि जिथे बायका-लेकरे येतात. समुदाय भवन किंवा मंगल कार्यालय यात सगळ्यात उत्तम. तालीम त्याहून सोपी, कारण आखाड्याच्या मातीजवळ सिगारेट हे आधीच कुणाला रुचत नाही. पण तिथे बायका येत नाहीत, म्हणून तिथला निकाल घराघरात पोहोचत नाही.

हॉलमध्येच एक 'सिगारेटची खोली' काढू म्हणणारा एक जण प्रत्येक बैठकीत असतो. ऐकू नका. दार उघडले की धूर बाहेर येतो, पंखा तो पसरवतो, एक्झॉस्ट फॅनने वास कमी झाला तरी सूक्ष्म कण हवेत राहतात. शिवाय आठ दिवसांत ती खोली पत्त्यांच्या डावाची होते.

बाहेर मात्र एक जागा द्यावी, असे आमचे मत आहे. फाटकाच्या बाहेर, उघड्यावर, दारापासून आणि खिडक्यांपासून किमान दहा मीटर, आणि आचाऱ्याच्या गॅस सिलिंडरपासून जितके लांब जमेल तितके. तिथे अर्धी वाळू भरलेली बादली ठेवा. काही पंचांना हे उत्तेजन वाटते. पण अशी जागा नसेल तर लोक संडासात ओढतात, आणि हॉलमधला सगळ्यात कोंदट भाग तोच. वाळूऐवजी पाणी घालू नका, थोटके तरंगतात, वास येतो आणि बादली ओतायला कोणी हात लावत नाही.

तिसरी पायरी : फलक

फलक लावला की काम झाले असे समजणारे बरेच. तरी फलक हवाच, आणि तो नियमाप्रमाणे हवा, कारण उद्या कुणी भांडायला उभे राहिले तर तोच तुमचा आधार.

माप किमान ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. त्यावर किमान १५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ, त्याची लाल कड किमान ३ सेंटिमीटर रुंद. आत काळा धूर सोडणारी सिगारेट किंवा विडी, आणि तिच्यावरून कडेइतक्याच रुंदीचा लाल पट्टा. खाली मजकूर : 'धूम्रपान निषिद्ध क्षेत्र. येथे धूम्रपान करणे गुन्हा आहे.' प्रत्येक प्रवेशद्वारावर एक, प्रत्येक मजल्यावर एक, जिन्यातही. तक्रार कुणाकडे करायची त्याचे नाव आणि फोन नंबर ठळक लिहा. ही जागा रिकामी ठेवलेले फलक सगळीकडे दिसतात; मग सांगायचे कुणाला हेच कळत नाही.

आता भाषा. आपल्या भागात फलकावरून वाद पेटायला वेळ लागत नाही, आणि एकदा तो पेटला की धूर बाजूला राहतो. म्हणून कन्नडचा एक आणि मराठीचा एक असे दोन स्वतंत्र फलक करा, एकाच मापाचे, शेजारी शेजारी. एकाच पाटीवर दोन्ही भाषा कोंबल्या तर अक्षर लहान होते आणि 'कुणाचे वर, कुणाचे खाली' सुरू होते. पेंटरला कन्नड मजकूर देताना कन्नड शाळेतल्या शिक्षकांकडून तपासून घ्या.

फलकाबरोबर दुसरी गोष्ट त्याच दिवशी करा : आतले ॲशट्रे, काड्यापेट्या, लायटर उचलून न्या. व्यवस्थापकाने हे पुरवू नयेत असे नियमातच आहे. भिंतीवर मनाई आणि टेबलावर ॲशट्रे असेल तर माणूस टेबलाचे ऐकतो.

चौथी पायरी : सांगायचे कोणी आणि कसे

इथे बहुतेक मोहिमा बुडतात, म्हणून जरा सविस्तर.

लग्नात वधूपिता व्याह्याला 'सिगारेट विझवा' म्हणू शकत नाही. वरपक्षाची वऱ्हाडी मंडळी चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलहून आलेली, त्यांना आपल्या हॉलची पद्धत ठाऊक नाही. भाऊबंदांनी सांगावे तर मानपानाचा प्रश्न होतो. म्हणून सांगण्याचे काम दोन्ही घरांच्या अंगावरून काढा. कार्यालयाच्या बुकिंग पावतीवर अट छापा : 'सभागृह, भोजनगृह व खोल्यांत धूम्रपान करता येणार नाही. सूचना देण्याची जबाबदारी कार्यालयाची राहील.' दुसरे वाक्य पहिल्याहून महत्त्वाचे आहे. त्यामुळे यजमान सुटतो आणि बोलायचे काम व्यवस्थापकाकडे जाते.

माइकवरून सूचना एकदाच, अक्षतांच्या थोडी आधी, तांदूळ वाटताना. तेव्हा सगळे बसलेले असतात. जेवणाच्या पंगतीत सांगितलेले कुणी ऐकत नाही. वाक्य लहान ठेवा : 'हॉलमध्ये लहान मुले आहेत. ज्यांना सिगारेट ओढायची आहे त्यांनी कृपया फाटकाबाहेर जावे, तिथे सोय केली आहे.' कर्करोग, कायदा, दंड यातले काही नको.

समोरासमोर सांगताना वयाने मोठ्या माणसाने किंवा बरोबरीच्याने सांगावे. विशीतल्या कार्यकर्त्याने पन्नाशीच्या माणसाला चारचौघांत टोकले तर तो मुद्दाम दुसरी पेटवतो. जवळ जाऊन, आवाज खाली ठेवून, नात्याने हाक मारून सांगा : 'मामा, आत बाळ हाय. जरा गेटाबाहेर जाऊन ओढा की.' आणि दोन पावले त्यांच्याबरोबर चाला. 'इथे अलाऊड नाही' असे म्हणून तिथेच हात बांधून उभे राहिलात तर मामांना माघार घेणे म्हणजे हार वाटते. बरोबर चाललात तर ती सोबत वाटते. सांगूनही नाही ऐकले तर दुसऱ्यांदा दुसऱ्या माणसाने सांगावे. तिसऱ्यांदा व्यवस्थापकाने. भांडण कधीच नाही.

कानडी बोलणाऱ्या पाहुण्याला कानडीतच सांगा. ज्याला येत नाही त्याने सांगायला जाऊ नये.

पूर्वी पानसुपारीच्या तबकात सिगारेटची पाकिटे ठेवायची पद्धत होती, काही घरांत ती अजून आहे. ती यजमानानेच बंद करायची, आणि गाजावाजा न करता. पाकीट नसलेल्या तबकाविषयी कोणी विचारत नाही.

पाचवी पायरी : कायदा, गरजेपुरता

कर्नाटकात २०२५ पासून कायदा कडक झाला आहे. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान केल्यास दंड एक हजार रुपयांपर्यंत, पूर्वी तो दोनशे होता. सिगारेट व तंबाखू विकत घेणाऱ्याचे किमान वय १८ वरून २१. सुटी सिगारेट विकायला मनाई. शैक्षणिक संस्थेपासून १०० मीटरच्या आत विक्रीला मनाई. हुक्का बारवर बंदी. घाट किंवा टोलनाका ओलांडून महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला दोनशे आणि अठरा हेच आकडे ठाऊक असतात, म्हणून हॉलच्या फलकाखाली आपला आकडा लिहून ठेवा.

बसस्थानक, स्टेडियम, उघडे प्रेक्षागृह ही उघड्यावर असली तरी सार्वजनिक जागाच धरली जातात. 'वर छप्पर नाही' हा बचाव तिथे चालत नाही.

मंडळाच्या कार्यकर्त्याला दंड वसूल करायचा अधिकार नाही. तो पोलीस उपनिरीक्षक, आरोग्य खात्याचे अधिकारी, शाळेच्या आवारात मुख्याध्यापक, रेल्वे स्थानकात स्टेशन मास्तर अशा नेमून दिलेल्या अधिकाऱ्यांना आहे. गल्लीने स्वतःची पावती फाडून पैसे घेतले तर उद्या तुमच्यावरच तक्रार होईल. आमचा अनुभवी सल्ला असा की फलकावरचा आकडा तेवढा असू द्या, पण पहिले सहा महिने तोंडाने दंडाचे नावही काढू नका. दंडाने सुरुवात केली की लोक धुरावर बोलायचे सोडून दंडावर बोलतात.

शाळेभोवतालचे अंतर

एसडीएमसीचे हे काम. अंतर फाटकापासून नाही, आवाराच्या भिंतीच्या किंवा कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून मोजायचे, आणि रस्त्याने नाही, सरळ रेषेत. दुकानदार नेहमी रस्त्याने मोजतो आणि 'दीडशे मीटर आहे' म्हणतो; वळणावळणाच्या गल्लीत दोन्ही मापांत फार फरक पडतो. फोनवरच्या नकाशात अंतर मोजायची सोय असते, तिने भिंतीच्या चारही कोपऱ्यांपासून मोजा आणि कागदावर वर्तुळ काढून दुकाने मांडा. मग रस्त्यावर पिवळा पट्टा मारा. साधा ऑइल पेंट डांबरावर पावसाळ्यात उडतो. रस्त्याचे पट्टे मारायचा रंग घ्या आणि दिवाळीनंतर, रस्ता कोरडा असताना मारा.

दुकानदाराकडे पहिली भेट तक्रारीची नको. दुकान त्याचे, सिगारेटवरचा नफा तसा थोडाच. ती तो ठेवतो कारण तिच्यासाठी आलेले गिऱ्हाईक चहा-पान घेते. त्याच्याकडे तीन गोष्टी मागा, या क्रमाने. पहिली, लहान मुलांना द्यायचे नाही, घरच्यांनी पाठवले असले तरी. दुसरी, गोळ्या-बिस्किटांच्या बरणीशेजारून पाकिटे हलवायची. तिसरी, पेटवायला टांगलेला लायटर किंवा जळता दोर काढायचा. तिसरी मागणी क्षुल्लक वाटते, पण सुटी सिगारेट घेऊन तिथेच पेटवून कट्ट्यावर बसणे हे त्या दोराभोवतीच जमते. दुकानावर ब्रँडच्या नावाचा चमकणारा फलक असेल तर तो कायद्यात बसत नाही; फलक ६० बाय ४५ सेंटिमीटरहून मोठा नको आणि त्यावर ब्रँडचे नाव नको, हे त्याला सांगा. तो फलक बहुतेकदा वितरकाने लावून दिलेला असतो आणि दुकानदाराला नियम ठाऊकच नसतो.

मुलांच्या हाती घोषणा देऊन त्यांना घरी बापाला उपदेश करायला लावू नका. चारदोन घरांत त्या पोराला मार बसतो. त्याऐवजी पालक सभेत एकच ठराव घ्या : पोराला सिगारेट आणायला पाठवायचे नाही. मोठ्यांनी मोठ्यांना घातलेली अट आहे, पोरावर भार येत नाही, आणि २१ च्या नियमाचाही तिला आधार आहे.

गणेशोत्सवाचा मंडप

बेळगावच्या मंडपांत दिवसा कोणी ओढत नाही. प्रश्न रात्रीच्या जागरणाचा. दोननंतर पडद्यामागे चारपाच कार्यकर्ते, चहा आणि सिगारेट. इथे आरोग्याचा मुद्दा काढूच नका. कापड, थर्माकोल, सुतळी, तात्पुरत्या वायरी आणि झोपाळू माणसाच्या हातातली सिगारेट, एवढे पुरे आहे. आगीचा मुद्दा कुणालाही खोडता येत नाही. जागरणाच्या पाळीच्या वहीत एक रकाना जोडा : 'पडदा, जनरेटर, आग विझवायची बादली तपासली'. त्याखाली पाळीच्या प्रमुखाची सही. सही करणारा स्वतःच मग मंडपात पेटवू देत नाही.

वर्गणीच्या वेळी पानमसाल्याच्या कमानीची चालून आलेली जाहिरात नाकारणे हे त्याहून अवघड, कारण पैसा मोठा असतो. निर्णय उत्सवाच्या तोंडावर नको, बैठक चैत्र-वैशाखात घ्या. तेव्हा हिशेब मोकळ्या मनाने होतो.

निपाणीच्या बाजूला बोलताना

निपाणी भागात सभा असेल तर आधी ऐका. १९८१ चे तंबाखू शेतकऱ्यांचे आंदोलन आणि त्यातला गोळीबार इथल्या लोकांच्या स्मरणात आहे, विड्या वळून घर चालवलेल्या बायका समोर बसलेल्या असतात. 'तंबाखू म्हणजे पाप' असे बोलणारा वक्ता तिथे उभा केलात तर सभा संपलीच म्हणा. दोन गोष्टी सांगता येतात आणि खऱ्या आहेत. एक, सिगारेटला लागणारा तंबाखू कर्नाटकात मुख्यतः म्हैसूरच्या बाजूला पिकतो. निपाणीचा माल विडीचा. हॉलमध्ये सिगारेट बंद केल्याने इथल्या शेतकऱ्याचे पोते अडत नाही. दोन, धूर विडीचा असला तरी हॉलचा नियम तोच. विडी 'गरिबाची' म्हणून सोडली तर नियम टिकत नाही, आणि सिगारेटवाल्या साहेबाला एक आणि विडीवाल्या म्हाताऱ्याला एक असा न्याय लोक लगेच ओळखतात. विडीच्या कामगारांचा पर्यायी रोजगार हा मोठा आणि वेगळा विषय आहे. त्याचे आश्वासन सभेत देऊ नका.

काय बिघडते

धूर गेला आणि मावा आला. हे सगळ्यात जास्त दिसते. सिगारेट ओढता येत नाही म्हणून पुडी तोंडात जाते आणि जिन्याचे कोपरे लाल होतात. कर्नाटकात प्रौढांमध्ये धुराच्या तंबाखूपेक्षा तोंडातल्या तंबाखूचे प्रमाण आधीच जास्त आहे. २०१६-१७ च्या पाहणीत ८.८ टक्क्यांविरुद्ध १६.३ टक्के. म्हणून ठरावात पहिल्या दिवसापासून 'धूम्रपान व तंबाखू खाऊन थुंकणे' असे दोन्ही घाला.

सिगारेट हॉलमधून घरात गेली. बाहेर लाज वाटू लागली की माणूस न्हाणीघरात ओढतो. म्हणून दुसऱ्या प्रश्नाबरोबर पहिलाही वर्षाने पुन्हा विचारायचा.

ओढणाऱ्याला वाळीत टाकले. चेष्टा, व्हॉट्सॲपवर फोटो, 'बघा हा' असले प्रकार दुसऱ्याच आठवड्यात सुरू होतात. ते पहिल्या दिवशीच बंद करा. सिगारेट सोडणे पुष्कळदा पहिल्या प्रयत्नात जमत नाही. ज्याची थट्टा झाली तो पुन्हा सुरू केल्याचे लपवतो आणि मदत मागत नाही.

कोणी मदत मागितलीच तर हे सांगा. राष्ट्रीय मदतवाहिनी १८००-११-२३५६, पाकिटावरही छापलेली असते, फोन मोफत आहे. तलफ आणि चिडचिड पहिल्या आठवड्यात सर्वात जोरात असते, तीनचार आठवड्यांत ओसरते. निकोटिनचे दोन मिलिग्रॅमचे च्युइंगगम औषध दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागणाऱ्याला बहुधा चार मिलिग्रॅम लागते आणि त्याला डॉक्टरांची चिठ्ठी हवी. ते गमासारखे चघळत राहायचे नसते. तिखट चव आली की गालात दाबून ठेवायचे, चव गेली की पुन्हा चावायचे, अर्ध्या तासाने टाकायचे. चहा पिता पिता घेतले तर काम करत नाही. आधी पंधरा मिनिटे चहा-कॉफी नको. आपल्याकडे 'गमाने काही झाले नाही' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण ते चहाबरोबर घेत असतात.

ठराव

सहा महिने हॉल आणि मंडप नीट चालला, थोटकांची दुसरी मोजणी झाली, की मग ग्रामसभेत जा. त्याआधी नको, कारण हातात दाखवायला काही नसताना झालेला ठराव वहीतच राहतो. शहरातल्या गल्लीत हाच मजकूर पंच कमिटीच्या बैठकीत घ्यावा. पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) कन्नडमधली प्रत लागेल, ती आधीच तयार ठेवा. मजकूर असा चालेल :

'समुदाय भवन, देवस्थानचे आवार, तालीम, अंगणवाडी, शाळा, बसथांबा आणि ग्रामपंचायत कार्यालय येथे धूम्रपान करणे व तंबाखू खाऊन थुंकणे बंद राहील. या ठिकाणी सूचना देण्याची जबाबदारी पुढील व्यक्तींची राहील (प्रत्येक जागेपुढे एक नाव). गावातील कोणीही २१ वर्षांखालील मुलास तंबाखूजन्य वस्तू आणण्यास पाठवणार नाही. सार्वजनिक कार्यक्रमास तंबाखू किंवा पानमसाल्याची जाहिरात वा देणगी घेतली जाणार नाही. पाहणीचे आकडे दरवर्षी यात्रेनंतरच्या पहिल्या ग्रामसभेत वाचून दाखवले जातील.'

एक प्रत तालुका आरोग्याधिकाऱ्यांना, एक पोलीस ठाण्याला, एक शाळेला. तिन्हींची पोच घ्या. नावांच्या रकान्यात अध्यक्षांचे नाव सगळीकडे लिहू नका. ज्या जागेची किल्ली ज्याच्याकडे, त्याचे नाव तिथे.